मोठ्यांच्या उंचीचा बाक

८ जानेवारी

दादा,

फोनवर तू म्हणालास, "काय ते कागदावर लिही, तुझ्या करवतीच्या आवाजात मला निम्मंच कळतं." म्हणून लिहिते आहे. खरं तर तुझे कान पूर्वीचे राहिले नाहीत, पण दोष करवतीला दे.

शाळेतून पत्र आलं आहे. तुझ्या भाचीने शाळेच्या जेवणघरातला एक बाक मोडला, असं त्यात लिहिलंय. मोडला म्हणजे पाय वेगळे, फळी वेगळी. मधल्या सुट्टीनंतर सगळे तुकडे भिंतीला नीट लावून ठेवलेले सापडले. कोणाला लागलं नाही. हे कोणी केलं, असं वर्गात विचारायच्या आतच हिने हात वर केला.

खाली कायदा लिहिलाय. सरकारी शाळेतल्या मुलाने सामानाचं मुद्दाम नुकसान केलं तर भरपाई पालकाने द्यायची. याच पत्राला मुख्याध्यापकांनी दुसरा एक कागद टाचला आहे. बाक जुना झाला होता, सांधे आपोआप सैल झाले होते, मुलीच्या हातून तो नकळत कोसळला, एवढं मी मान्य करून सही करायची. मग भरपाई नाही, मुलीच्या नावावर नोंद नाही, सगळं मिटलं.

तू जन्मभर विमा कंपनीसाठी मोडक्या, जळक्या वस्तू बघत हिंडलास आणि अपघात की मुद्दाम ते ठरवलंस. मला एवढंच सांग, कायद्याने मी किती बांधलेली आहे आणि सही केली नाही तर काय होतं. उपदेश नको.

धाकटी

१२ जानेवारी

धाकटे,

उपदेश नको म्हणालीस म्हणून तो शेवटी टाकतो, म्हणजे पत्र पुरतं वाचशील.

कायदा अगदी सरळ आहे. मूल शाळेत घालायचं, रोज पाठवायचं, जेवणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरायचे आणि पोराने मुद्दाम काही फोडलं तर भरून द्यायचं, हे सगळं आईबापाच्या गळ्यात. मुलाच्या गळ्यात काही नाही. मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान असतं. हा शब्द तुझ्या लेकीसमोर वापरू नकोस, चावेल. मात्र 'मुद्दाम' हा शब्द गेला आणि तिथे 'अपघात' आला, की तुझी सुटका. मग सामान शाळेचं, डोकेदुखीही शाळेची.

आता माझा अनुभव. परवा एका बेकरीवाल्याची जळलेली भट्टी बघून आलो. तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता, साहेब, तेवढं अपघात लिहा. लोक या एका शब्दासाठी माझ्या मागे फिरतात, चहा पाजतात, रडतात. तुला तो घरपोच मिळालाय, तोही टाचणी लावून. तुमचे मुख्याध्यापक देवमाणूस दिसतात. आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. सही कर, कागद पाठवून दे आणि विसरून जा.

पेन्सिली कुरतडायची म्हणून मी हिला खार म्हणायचो, आता बाकापर्यंत मजल गेली. माझ्याकडून एक टपली मार. हळू मार.

दादा

१७ जानेवारी

दादा,

सही करता येत नाही. तो बाक मी केलेला आहे.

तुला आठवत नसेल. खार बालवाडीत होती तेव्हा शाळेने मला काम दिलं होतं. कार्यालयाबाहेर पालकांना ताटकळत उभं राहावं लागायचं, त्यांना बसायला मोठ्यांच्या उंचीचा एक बाक हवा होता. हिचे बाबा तेव्हा होते. फळी त्यांनीच निवडली होती, वखारीत सगळा ढीग उपसून, वखारवाल्याच्या शिव्या खाऊन. तो बाक जेवणघरात कधी आणि कशाला गेला, मला माहीत नाही.

त्यात खिळा नाही, गोंद नाही. दोन बाजूंना पायाच्या जाड फळ्या, मध्ये एक आडवी पट्टी. पट्टीची टोकं पायांमधून आरपार बाहेर येतात आणि बाहेरच्या बाजूने दोन्हीकडे एकेक लाकडी पाचर. बसायची फळी वरून खाचेत बसते. या बाकाचं असं आहे की जितकी जास्त माणसं बसतील तितका तो घट्ट होतो. सोडवायचा तर आधी रिकामा व्हावा लागतो आणि मग पाचरेला खालून, नेमक्या जागी लाकडी मोगरीचा ठोका द्यावा लागतो. ती जागा दोन माणसांना ठाऊक आहे. एक मी. दुसरी आत बसून भूगोलाचं पुस्तक उलटंपालटं करते आहे.

पत्र यायच्या आदल्या दिवशी जेवताना तिने माझ्या ताटाशेजारी दोन पाचरी ठेवल्या. मी त्या ओळखल्या, माझ्याच पटाशीने तासलेल्या. मला वाटलं, ती सांगेल. तिला वाटलं असेल, मी विचारीन. दोघींनी ताटं उचलली, पाचरी तिथेच राहिल्या. तू हसशील, पण आमच्या घरात हे असंच चालतं.

शाळेतले लोक बाक मोडला म्हणतात, कारण त्यांना तो जोडता येत नाही. येणार कसा, पाचरी माझ्या ओट्यावर आहेत.

आता तूच सांग. माझे सांधे आपोआप सैल झाले असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? गावभर माझी दारं, माझे पलंग आहेत. जन्मात माझा एक सांधा सैल झालेला नाही.

धाकटी

२१ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चष्मा काढून ठेवला आणि चिडलो.

मान्य, तुझा सांधा सैल होत नाही. माझ्या घरातलं तू केलेलं कपाट भूकंपातही उभं राहील, आणि त्याचं दार उघडायला आजही मला खांदा लावावा लागतो. पण इथे प्रश्न कपाटाचा नाही. 'मुद्दाम' लिहिलंस तर पैसे जातील ते जातील, पण ते पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर चढेल. पुढच्या वर्षी तिला तंत्रशाळेत जायचंय ना? तिथे दाखला उघडून बघतात. एका बाजूला तुझ्या सांध्याची अब्रू, दुसऱ्या बाजूला लेकीचं वर्ष. कोणीही शहाणा माणूस काय निवडेल ते तुला कळतं. लहानपणापासून तू नाकावर माशी बसू देत नाहीस, पण त्या नाकापायी पोरीला भुर्दंड का?

आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कुठलीही मोडलेली वस्तू बघायला गेलो की मी आधी विचारतो, हे झालं कसं. मग विचारतो, हे झालं कशासाठी. तुझी दोन पत्रं मी परत वाचली. खिळा नाही, गोंद नाही, पाचर कुठे, ठोका कुठे, सगळं आहे. तिने तो का सोडवला, याची एक ओळ नाही. शांत पोरगी आहे, उगाच आईचं काम मोडायची नाही. तू विचारलंस का तिला?

कागदावर सही कर. आणि विचार.

दादा

२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्राचा राग आला होता म्हणून उत्तर दिलं नाही. तुझं ते 'नाकापायी' फार झोंबलं. पण एक प्रश्न तू बरोबर विचारला होतास. मी तिला विचारलं नव्हतं. मला माझ्या बाकाचीच पडली होती.

रविवारी तिला कारखान्यात बोलावलं. एका दाराची चौकट तासायची होती. तिच्या हातात रंधा दिला, मी पलीकडून धरलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर ती गप्प राहिली असती. हातात काम असलं की तिला बोलता येतं, मलाही.

मी म्हणाले, "तो बाक जेवणघरात कशाला असतो गं?"

"भिंतीला लावलेला असतो. ज्यांचे जेवणाचे पैसे भरलेले नसतात ते बसतात."

"बसतात म्हणजे?"

"सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं. मग उरलेलं वाढतात. उपाशी कोणी नाही राहत, आई. सर तसं पहिल्या दिवशीच सांगतात."

मग जे विचारायला नको वाटत होतं तेच विचारलं. "तू बसली आहेस कधी?"

तिचा रंधा थांबला नाही. "गेल्या सहामाहीत. हॉटेलवाल्याने तुझे दारांचे पैसे अडकवले होते तेव्हा."

दादा, मी केलेल्या बाकावर, माझ्या थकबाकीपायी, माझी लेक बसत होती. आणि मी घरी तिला रोज विचारायचे, जेवलीस का नीट? ती म्हणायची, हो. खोटं नव्हतंच ते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडे असते तर तू भरलेच असतेस. सांगून तू नुसती रडली असतीस."

मग तिने बाकीचं सांगितलं. बाकावर बसल्या बसल्या ती खालून हात घालून पाचर चाचपायची. एका ठोक्याचं काम आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "पण तेव्हा सोडवला असता तर माझ्यासाठी सोडवला असं झालं असतं," म्हणाली. पुढे मी पैसे भरले, ती बाकावरून उठली. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला तिथे पहिलीतली एक चिमुरडी येऊन बसली. बाक मोठ्यांच्या उंचीचा, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती पाय हलवत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायची. तिला वाटत होतं, आपल्याला खास जागा दिली आहे.

"तिला कळायच्या आत सोडवला," एवढं म्हणून खार परत रंधा मारायला लागली.

मी तिला तुझा कायदा समजावला. म्हटलं, तू लहान आहेस, तुझी जबाबदारी काहीच नाही, बाकाचे पैसे मीच द्यायचे. तिने विचारलं, "जेवणाचे पैसे भरायची जबाबदारीपण तुझीच ना? कायद्याने?"

"हो."

"मग बसले मी का?"

याचं उत्तर तुझ्या कायद्यात असेल तर कळव.

मुख्याध्यापकांचा कागद मी तिला वाचून दाखवला. अपघात लिहिलं तर कोणी काही विचारणार नाही आणि मुद्दाम लिहिलं तर शाळेच्या समितीपुढे उभं राहावं लागेल, दाखल्यावर चढेल, तंत्रशाळेत अडचण येईल, हेही सांगितलं. तुझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, त्यात काही कमी केलं नाही. तिने विचार केला. मग म्हणाली, "बाक पडला नाही, आई. मी सोडवला. अपघात लिहिलं तर ते दुसरा बाक आणतील आणि तिला परत बसवतील. मुद्दाम लिही."

मी मुद्दाम लिहिलं आणि सही केली. समितीने या महिन्यातच बोलावलं आहे.

मला तिचा फार अभिमान वाटला, दादा, आणि तितकीच भीतीही वाटते. तिला यातलं काही बोलले नाही. तुला लिहिते आहे.

धाकटी

६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र कचेरीत आलं. वाचून झाल्यावर मी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं साहेब, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, माझी भाची मोठी झाली.

'नाकापायी' हा शब्द मागे घेतो. मी तुमच्या मुख्याध्यापकांना देवमाणूस म्हणालो होतो तेही अर्धं मागे घेतो. त्यांनी अपघाताचा कागद तुझ्या भल्यासाठी टाचला असेल, पण तो सही होऊन परत आला असता तर समितीला बाकाची गोष्ट कधीच कळली नसती, हेही त्यांना ठाऊक असणार.

खारीच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. देणं तुझं आहे. शाळेने ते तुझ्याकडे मागावं, तुला पत्र पाठवावं, तुला दारात बोलवावं. पोराला त्यात मध्ये घ्यायचा अधिकार कायद्याने कोणालाच दिलेला नाही. हे समितीपुढे मोठ्या आवाजात सांगू नकोस, तुझा मोठा आवाज मला माहीत आहे. खारीला तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत विचारू दे. तिच्याइतका नेमका तो मला विचारता आला नसता, आणि मी यावरच पोट भरतो.

आता माझ्या धंद्यातली खरी कामाची गोष्ट. एखादी वस्तू पूर्ण मोडली असं धरून तिची पूर्ण भरपाई दिली, तर मोडके तुकडे भरपाई देणाऱ्याचे होतात. जळकी गाडी असो नाहीतर फुटलेला पियानो, आम्ही पैसे मोजले की सांगाडा आमचा. शाळेने तुझ्याकडून आख्ख्या बाकाचे पैसे घेतले तर लाकूड तुझं. ते मागून घे, लेखी घे. हिच्या बाबांनी निवडलेली फळी आहे, ती शाळेच्या अडगळीत सडायला ठेवू नकोस.

पैसे मी पाठवणार होतो. पण तू परत पाठवशील आणि वर टपालखर्च माझ्या नावावर लिहिशील, म्हणून नाही पाठवत.

खारीला टपली मारली असशील तर ती परत घे.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

झालं एकदाचं. सविस्तर लिहिते, नाहीतर तू फोन करशील आणि मला ओरडून सांगावं लागेल.

शाळेच्या ग्रंथालयात बसले होते. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत, त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात, त्यामुळे जीभ अडखळते. शेजारी मुख्याध्यापक, इस्त्रीचा सदरा, हातात रुमाल. बाकाचे तुकडे भिंतीला उभे करून ठेवले होते. फळीवर पोरांनी पेनाने नावं कोरली आहेत, बाकी ठणठणीत.

अध्यक्षबाईंनी आधी मलाच विचारलं, "हा तुम्ही बनवलेला, असं कळलं. परत जोडता येईल?"

"येईल."

"किती वेळ लागेल?"

"तुमचा चहा संपेपर्यंत."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग नुकसान झालंच नाही म्हणायचं. जोडून द्या, आम्ही विषय बंद करतो. पैसे नकोत, मुलीच्या दाखल्यावर काही नको." मुख्याध्यापकांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांनाही हेच हवं होतं.

तुला खरं सांगते, माझा हात खिशात गेला होता. पाचरी खिशातच होत्या. दोन ठोके, की पोरीचं वर्ष वाचतं आणि माझ्या सांध्याचीही शोभा होते. मी खारीकडे बघितलं. तिने मला 'नको' अशी खूण केली असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. फळीकडे बघत उभी होती, हात मागे बांधून. काय करायचं ते तिने माझ्यावर सोडलं होतं.

मी विचारलं, "जोडून दिला तर कुठे ठेवणार?"

मुख्याध्यापक म्हणाले, "होता तिथेच."

"मग नाही जोडणार," मी म्हणाले. "मोडला असं धरा. भरपाई देते."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला आणि खारीला विचारलं, "तू हे का केलंस?" हिने तुझी भाची शोभेल असं उत्तर दिलं, म्हणजे उलटा प्रश्नच विचारला. "बाई, जेवणाचे पैसे भरायची जबाबदारी आईची आहे. मग बाकावर बसायची माझी कशी?" मग त्या पहिलीतल्या पोरीचं सांगितलं. पाय टेकत नाहीत, हे सांगताना हिने हाताने बाकाची उंची दाखवली.

अध्यक्षबाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. मला वाटलं आता ते नियम काढतील, तारखा काढतील. ते रुमालाशी खेळत राहिले आणि मग म्हणाले, "मला पालकांना बोलावून तोंडावर पैसे मागायला संकोच वाटतो. मोठी माणसं मान खाली घालतात, बघवत नाही. मुलं समोरच असतात. मुलांना सांगितलं की घरी पोचतं." दादा, मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि होताही. पण सगळ्यांसमोर हे कबूल करायला धीर लागतो. त्यांना तो होता, एवढं म्हणेन.

समितीने ठरवलं ते असं. कृत्य मुद्दाम केलेलं, भरपाई आईने द्यायची, दाखल्यावर नोंद होणार. शब्द 'मुद्दाम' हाच राहणार, पण त्यापुढे कारणही लिहायचं, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. आणि आजपासून जेवण सगळ्यांना एकाच वेळी. थकबाकीचं बोलणं फक्त पालकांशी, आणि मुख्याध्यापकांनी स्वतः करायचं.

मग मी तुझं वाक्य म्हटलं, भरपाई माझी तर तुकडे माझे. मुख्याध्यापकांना ते पहिल्यांदाच कळत होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, दात काढला तरी तो पेशंटचाच असतो." तिथल्या तिथे लिहून दिलं.

बाकीचं लाकूड हातगाडीवाल्याबरोबर घरी पाठवलं. मोठी फळी खारीने एका टोकाला धरली, मी दुसऱ्या. वाटेत मी तिला म्हणाले, "तुझा ठोका बघितला मी. पाचरीला साधा ओरखडा नाही." एवढंच म्हणाले. ती घरापर्यंत फळी एकटीच उचलल्यासारखी चालत होती.

धाकटी

९ मार्च

मामा,

तुझं पत्र आईला आलं होतं, पण तिने ते मला दिलं आणि म्हणाली, बाकाचं पुढे काय झालं ते तूच लिही, तुझा मामा आहे. तिला एका पाळणाघराचे पलंग करून द्यायचे आहेत. म्हणून मी लिहिते.

बाक आम्ही परत जोडला. पेनाची नावं आईने घासून काढली नाहीत, म्हणाली, असू देत, तीही बसलेली माणसं आहेत. एक पाचर तिने ठोकली आणि दुसरी मला ठोकायला दिली. माझी आधी थोडी तिरकी गेली. तिने हात लावला नाही, मी काढून परत ठोकेपर्यंत थांबून राहिली. मग पटाशीने पुढच्या कडेवर अक्षरं कोरली, 'मोठ्यांसाठी'. 'ठ्यां' मी कोरलंय, ते जरा जाड झालंय.

तो आता परत शाळेत आहे. दिलेला नाही, उसना दिलाय. आई मुख्याध्यापक सरांना म्हणाली, "बाक माझ्या मालकीचा आहे, कुठे ठेवायचा ते मी सांगणार." सरांनी ऐकलं. तो कार्यालयाच्या दाराबाहेर ठेवलाय, आधी जिथे ठेवायला बनवला होता तिथेच. त्यावर मुलांनी बसायचं नाही, पालकांनीच बसायचं.

पुढच्या महिन्यात माझी तंत्रशाळेची मुलाखत आहे. दाखल्यावर नोंद आहेच. आई म्हणते, विचारलं तर काहीही लपवू नकोस आणि तू तासलेली एखादी पाचर बरोबर ने. मी एक तासून ठेवलीय. भीती वाटते, पण थोडीच.

आता खरी गंमत सांगते. बाकाची भरपाई दिल्यामुळे या महिन्यात आईचे जेवणाचे पैसे भरायचे राहिले. हॉटेलवाल्याने परत उशीर केला, तो काय सुधारत नाही. मग सरांना आईलाच बोलवावं लागलं. ती काम सोडून आली, अंगावर कामाचे कपडे, केसात भुसा. कार्यालयाबाहेर तिच्याच बाकावर जाऊन बसली. सर दारात आले, दोनदा घसा खाकरला, त्यांना उभं राहून विचारता येईना. शेवटी तेही तिच्या शेजारी बसले आणि मग दोघं हळूहळू बोलायला लागले. मी तिथे नव्हते बघत बसले, आमची जेवणाची रांग तिथूनच जाते. माझ्यापुढे ती पहिलीतली मुलगी होती. तिने माझा हात धरला होता आणि आज काय जेवण आहे ते मलाच विचारत होती.

आईने मला बघितलं. मला वाटलं ती मान खाली घालेल, सर म्हणाले होते तशी मोठी माणसं घालतात. तिने नाही घातली. भुवया वर केल्या आणि हाताने खूण केली, जा, जेव. मी गेले. जेवणघराच्या दारातून एकदा मागे वळून बघितलं. आई ताठ बसली होती, आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले होते.

खार